सांतियागितोला निघण्याआधी

ज्वालामुखीवर काम करायला चालले आहे म्हटलं की लोक आधी लाव्हाबद्दल विचारतात. मी जिथे जाणार आहे त्या गावांना मात्र लाव्हापेक्षा पावसाचं भय जास्त आहे. ग्वाटेमालातल्या सांतियागितो ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर मे ते ऑक्टोबर पाऊस असतो. डोंगरावर साठलेली राख आणि दगडधोंडे त्या पाण्यात मिसळून नद्यांतून खाली येतात. हा लोंढा म्हणजे लाहार. दिसायला ओल्या काँक्रीटसारखा आणि तितकाच जड. घराएवढ्या शिळा त्यात वाहत येतात. नदीची पात्रं मोजायची, लाहार कुठवर पोहोचू शकतो याचे नकाशे सुधारायचे आणि ते वेधशाळेच्या व गावकऱ्यांच्या हाती द्यायचे, या कामासाठी मी एमएस्सीच्या प्रबंधाला जोडून स्वयंसेवक म्हणून चालले आहे. जानेवारीत, म्हणजे कोरड्या हंगामात पोहोचायचं आणि पहिले मोठे पाऊस पाहून परतायचं, असा बेत आहे.

हाच डोंगर का, हे थोडं सविस्तर सांगायला हवं. सांता मारिया हा ३,७७२ मीटर उंचीचा ज्वालामुखी केत्साल्तेनांगो शहराच्या दक्षिणेला उभा आहे. कित्येक शतकं तो निपचित होता आणि तो जागा होऊ शकतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ऑक्टोबर १९०२ मध्ये तो फुटला. विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांमध्ये त्याची गणना होते. हजारो माणसं गेली आणि नैर्ऋत्येच्या बाजूला डोंगराचा मोठा लचका तुटला. त्या खिंडारात १९२२ मध्ये घट्ट, चिकट लाव्हा वर येऊ लागला आणि त्याचे घुमट तयार झाले. त्यांचं एकत्रित नाव सांतियागितो. एल कालिएंते, ला मिताद, एल मोंखे आणि एल ब्रुखो असे चार घुमट आहेत, त्यांतला कालिएंते आजही सक्रिय आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ हा डोंगर राख फेकतो आहे, कडे ढासळवतो आहे आणि नद्यांना माल पुरवतो आहे.

तो माल जातो कुठे? निमा प्रिमेरो, निमा सेगुंदो, तांबोर आणि पुढे सामाला. या नद्यांची नावं मला आता आपल्या गल्लीबोळांसारखी पाठ आहेत. निमा प्रिमेरोच्या काठी एल पाल्मार नावाचं गाव होतं. १९८० च्या दशकात लाहारांनी ते गिळलं. नदीने गावाच्या मधूनच पात्र कोरलं आणि लोकांना दुसरीकडे नवं एल पाल्मार वसवावं लागलं. गाव नाहीसं व्हायला तिथे उद्रेकाची गरजही पडली नाही. वरचा घुमट आपल्या गतीने वाढत होता, पाऊस आपल्या गतीने पडत होता, पात्र गाळाने भरत गेलं आणि एक वेळ अशी आली की नदीला जायला जागाच उरली नाही.

तयारीच्या सुरुवातीला मी भरपूर वाचलं. त्यातलं सगळ्यात जास्त मनात रुतलं ते आर्मेरो. कोलंबियातल्या नेवादो देल रुईसवर १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री तसा मध्यम आकाराचाच उद्रेक झाला. शिखरावरचं बर्फ वितळलं, लाहार निघाले आणि सुमारे अडीच तासांनी आर्मेरोत पोहोचले. मृतांचा आकडा तेवीस हजारांच्या आसपास सांगितला जातो. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार झाला होता आणि आर्मेरो त्यावर धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेलं होतं. अडीच तास! पायी चालत जवळच्या उंचवट्यावर जायला इतका वेळ लागत नाही. हा मजकूर वाचताना मी वही मिटून गच्चीत फेऱ्या मारल्या होत्या. नकाशा अचूक काढणं हे आपलं काम, पुढचं प्रशासन बघून घेईल, ही विभागणी मला त्यानंतर पटेनाशी झाली. नकाशा कोणाच्या हातात जाणार, त्याला तो वाचता येईल का, रात्री अकरा वाजता पाऊस कोसळत असताना तो नकाशा काय कामाचा, हे प्रश्न कामाच्या आखणीतच आले पाहिजेत.

त्याच्या उलट उदाहरण पिनातुबोचं. फिलिपाईन्समधला हा ज्वालामुखी १५ जून १९९१ ला फुटला, पण त्याआधी फिलिपिनो आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी मिळून इशारा दिला, लोकांना हलवलं आणि हजारो जीव वाचले. तप्त राखेचा लोट म्हणजे काय हे अधिकाऱ्यांना आणि रहिवाशांना दाखवण्यासाठी फ्रेंच ज्वालामुखीशास्त्रज्ञ मोरिस क्राफ्ट यांनी चित्रित केलेला व्हिडिओ वापरला गेला होता. मोरिस आणि त्यांची पत्नी कातिया हे दोघेही त्याच महिन्यात, ३ जूनला, जपानमधल्या उन्झेनवर अशाच लोटात गेले. बारा दिवसांनी पिनातुबो फुटला तेव्हा त्यांचं काम लोकांना वाचवत होतं. हे लिहितानाही गलबलून येतं.

वाचन पुरे झाल्यावर खरा प्रश्न आला: जायचं कोणाकडे? परदेशी स्वयंसेवकांना ज्वालामुखी दाखवून आणणारे बरेच कार्यक्रम आहेत. पैसे भरा, टेकडीवर चढा, दोन भांड्यांत राख गोळा करा आणि प्रमाणपत्र घ्या. मला ते नको होतं. माझ्या गाइड मॅडमनी सांगितलं, "आधी तिथल्या वेधशाळेला विचार त्यांना काय हवंय. तुला काय करायचंय ते नंतर." ग्वाटेमालात ज्वालामुखींवर लक्ष ठेवण्याचं काम इन्सिवुमे ही सरकारी संस्था करते, आणि आपत्तीची पूर्वतयारी व बचावाचं काम कोन्रेद करते. सांतियागितोसाठी दक्षिण बाजूला एल फारो या कॉफीच्या मळ्यात वेधशाळा आहे. तिथले निरीक्षक रोज डोंगर पाहतात, स्फोट नोंदवतात, नदीचा आवाज ऐकतात. मी पाठवलेल्या पत्राला उत्तर यायला वेळ लागला, पण आलेलं उत्तर नेमकं होतं: ठराविक ठिकाणी नदीपात्राचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतच्या उंचसखलपणाची मोजमापं हवीत, दरवर्षी त्याच जागी पुन्हा घेता येतील अशी. घुमटावरचे दगड त्यांना नको होते. माझा प्रबंधाचा विषय तिथे ठरला.

परदेशातून येणाऱ्या शास्त्रज्ञांनी कसं वागावं याबद्दल ज्वालामुखीशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे इयाव्हसेईने, १९९९ मध्ये एक मार्गदर्शक टिपण काढलं आहे. संकटाच्या काळात लोकांपर्यंत एकच आवाज पोहोचावा, बाहेरच्याने स्थानिक वेधशाळेला डावलून वृत्तपत्रांशी बोलू नये, असा त्याचा रोख आहे. मी ते छापून वहीत चिकटवलंय. आजच्या काळात त्याचा अर्थ माझ्यापुरता असा की स्फोटाचा फोटो काढून त्यावर "मोठा उद्रेक सुरू" असं लिहून कुठेही टाकायचं नाही. सांतियागितोवर छोटे स्फोट ही रोजची गोष्ट आहे; परक्या माणसाच्या एका ओळीने खालच्या गावात धावपळ होऊ शकते, आणि तशी फुकट धावपळ झाली की खऱ्या इशाऱ्याच्या वेळी कोणी जागचं हलत नाही.

आता थोडं हिशेबाबद्दल, कारण तयारीतला सर्वांत मोठा वेळ त्यात गेला आणि मला तो भाग मनापासून आवडतो. लाहार कुठवर जाईल याचा अंदाज घेण्यासाठी लाहारझेड नावाची पद्धत बरीच वापरली जाते. आयव्हर्सन, शिलिंग आणि व्हॅलन्स यांनी १९९८ मध्ये ती मांडली. नऊ ज्वालामुखींवरच्या सत्तावीस लाहारांची मोजमापं घेऊन त्यांनी दोन साधी सूत्रं काढली. लाहारचं आकारमान घनमीटरमध्ये घ्यायचं आणि त्याचा दोन तृतीयांश घात काढायचा, म्हणजे घनमूळ काढून त्याचा वर्ग करायचा. त्याला ०.०५ ने गुणलं की दरीत लाहारने व्यापलेल्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ मिळतं. २०० ने गुणलं की तो जमिनीवर किती पसरेल ते मिळतं. दहा लाख घनमीटरचा लाहार घ्या. दोन तृतीयांश घात येतो दहा हजार. म्हणजे छेद ५०० चौरस मीटर आणि पसारा २० लाख चौरस मीटर, अर्थात दोन चौरस किलोमीटर. नदीची घळ पन्नास मीटर रुंद असेल तर लोंढा सरासरी दहा मीटर खोल होईल. तीन मजली इमारतीची उंची ती.

आकारमान दहापट केलं तर छेद दहापट होत नाही, साडेचारपटीहून थोडा जास्त होतो. हे कागदावर स्वतः करून पाहिल्यावर एक गोष्ट उमगली: आकारमानाचा अंदाज बराच चुकला तरी नकाशा त्या मानाने कमी चुकतो. पण जमिनीची उंची चुकली तर मात्र सगळंच फसतं. आणि उंचीची गोम इथेच आहे. फुकट मिळणारी जागतिक उंचीची माहिती अनेकदा अवकाशयानातून फेब्रुवारी २००० मध्ये घेतलेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते. तिच्यात जमिनीच्या प्रत्येक चौकोनाला एकच उंची असते, आणि तो चौकोन साधारण तीस मीटरचा. चाळीस मीटर रुंदीचं पात्र त्यात एखाद्-दुसऱ्या चौकोनात संपतं. शिवाय त्यानंतर इतके पावसाळे गेलेत! काही ठिकाणी पात्र गाळाने भरून वर आलंय, काही ठिकाणी खोल कापलं गेलंय. संगणक आजही २००० सालच्या नदीत लाहार सोडतो आणि तो सुखरूप काठाच्या आत राहिलेला दाखवतो, प्रत्यक्षात तिथे काठच उरला नसेल. वेधशाळेने आडवे छेद का मागितले ते मला आकृत्या काढून पाहिल्यावर पूर्ण कळलं.

मग छेद घेण्याचा सराव सुरू केला. एका ओढ्याच्या दोन्ही काठांवर खुणेचे दगड ठरवायचे, टेप ताणायची, ठराविक अंतरावर पट्टी धरून उंची वाचायची, जीपीएसची नोंद करायची आणि दोन्ही काठांचे फोटो एकाच उंचीवरून घ्यायचे. काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तोच छेद पुन्हा घेता आला पाहिजे, तरच त्याला किंमत. म्हणून खुणा नदीपासून लांब, पक्क्या खडकावर करायला शिकले. पूर आला की काठावरचा दगड पुराबरोबर जातो.

स्पॅनिश शिकणं समांतर चालू होतं. शिकवणीत सुरुवातीला हॉटेल आणि बाजारातली वाक्यं होती. मी शिक्षिकेला विनंती केली की मला आकडे, वेळ, दिशा आणि हवामान आधी शिकवा. वायरलेसवर कोणी घाईने सांगितलं की अमुक नदीला वर पाणी वाढलंय, तर ते पहिल्याच झटक्यात कळलं पाहिजे. सोबतीला इन्सिवुमेची रोजची पत्रकं वाचायला घेतली. सकाळी चहाबरोबर तेच. वायूचा पांढरा झोत किती उंच, स्फोट हलके की मध्यम, राख कोणत्या दिशेला गेली, कुठल्या बाजूने दगड घरंगळले. आधी शब्दकोश मांडीवर असायचा. हळूहळू भाषेपेक्षा डोंगराची लय कळू लागली: पत्रकातलं नेहमीचं वाक्य बदललं की लक्ष चटकन तिथे जातं. मी पत्रकातल्या नोंदी एका तक्त्यात भरत गेले आणि शेजारी उपग्रहाच्या चित्रांतला उष्णतेचा ठिपका लिहीत गेले. तिथे पोहोचल्यावर पहिल्या दिवशी मला "नेहमीचं" म्हणजे काय हे विचारावं लागणार नाही. आसपासच्या काही घरांत किचे भाषा बोलतात. ती मला येत नाही, त्यासाठी सोबत गावातलंच कुणी असणार आहे.

सुरक्षिततेच्या भागावर मी कुठेच घाई केली नाही. १४ जानेवारी १९९३ रोजी कोलंबियातल्या गालेरासवर एका परिषदेसाठी जमलेले शास्त्रज्ञ विवरात उतरले असताना स्फोट झाला आणि नऊ जण गेले, त्यांत सहा शास्त्रज्ञ होते. अशा अपघातांनंतर इयाव्हसेईने सुरक्षिततेच्या सूचना काढल्या. धोक्याच्या जागी कमीत कमी माणसं, कमीत कमी वेळ, डोक्यावर हेल्मेट, वेधशाळेशी सतत संपर्क, असं त्यांचं साधं सार आहे. माझ्या कामाला घुमटाजवळ जाण्याची गरजच नाही, तेव्हा जायचं नाही, हे मी लेखी दिलं आहे. खालच्या नदीपात्रात मात्र उतरावं लागणार. तिथले नियम आम्ही मिळून ठरवले. सकाळी लवकर उतरायचं, कारण पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो. आपल्या डोक्यावर ऊन आहे यावर भरवसा ठेवायचा नाही, वर डोंगरावर ढग आहे का ते निरीक्षकाला विचारायचं. पात्रात पाऊल टाकण्याआधी कोणत्या काठाने आणि कोणत्या वाटेने वर चढायचं ते बोटाने दाखवून दोघांनी मान्य करायचं. एक जण नेहमी काठावर. काठावरच्याने हाक मारली की टेप, पट्टी, सगळं तिथेच टाकून निघायचं. हे शेवटचं मी मुद्दाम सरावात घेतलं, कारण हातातलं महागडं उपकरण सोडून पळणं माणसाला सहज जमत नाही.

जून २०१८ मध्ये त्याच देशातल्या फुएगो ज्वालामुखीवरून तप्त राख आणि वायूंचा लोट लास लाखास या घळीतून उतरला आणि सान मिगेल लोस लोतेस हे गाव गाडलं गेलं. लोट येताना काही माणसं पुलावर थांबून चित्रण करत होती. त्या चित्रफिती मी एकदाच पाहिल्या. लांबून तो लोट संथ वाटतो, आणि माणूस तिथेच फसतो. असे लोट ताशी शंभर किलोमीटरहूनही जास्त वेगाने येतात आणि त्यांचं तापमान शेकडो अंश असतं. दिसला की निघायचं असं ठरवून भागत नाही. तो दिसायच्या आधीच आपण घळीबाहेर असायला हवं.

सामानाची यादी लांबलचक आहे, पण त्यातल्या मास्कबद्दल तेवढं सांगते. ज्वालामुखीची राख म्हणजे जळलेल्या लाकडाची मऊ राख नव्हे; ते काचेचे आणि खनिजांचे दोन मिलिमीटरहून लहान टोकदार कण असतात. घुमट तयार होणाऱ्या ज्वालामुखींच्या राखेत क्रिस्टोबलाइट हे सिलिकाचं स्फटिकरूप सापडतं आणि असे बारीक कण दीर्घकाळ फुप्फुसात जाणं घातक असतं. म्हणून एन-९५ मास्क, तोही चेहऱ्याला घट्ट बसतो की नाही हे तपासून. कापडाचा रुमाल बारीक कण अडवत नाही. बाजूने पूर्ण बंद असणारा चष्मा, आणि कॉन्टॅक्ट लेन्स घरी. मास्कची एक जादा पेटी निरीक्षकांसाठी नेतेय. मी काही महिने राख खाणार, ते वर्षानुवर्षं खात आहेत.

कागदपत्रांचं फार काही सांगण्यासारखं नाही. व्हिसा, लसी, विद्यापीठाचा जोखीम-अर्ज, उपकरणांची अनुक्रमांकांसह यादी आणि ती परत आणणार असल्याचं पत्र, बॅटऱ्या हातातल्या सामानात. एकच गोष्ट बजावून सांगेन: विम्याची कलमं शेवटपर्यंत वाचा. मला आधी दाखवलेल्या पॉलिसीत सक्रिय ज्वालामुखीवरचं काम बारीक अक्षरात वगळलेलं होतं. जखमी माणसाला हलवण्याचा खर्च धरणारी पॉलिसी मिळेपर्यंत मी तिकीट काढलं नाही.

घरी समजावणं मात्र कागदांइतकं सोपं नव्हतं. बाबांनी फारसं विचारलं नाही. आई म्हणाली, "तुम्ही बाहेरचे लोक जाऊन मोजून याल. तिथली माणसं राहतात कशाला मग अशा ठिकाणी?" मी तिला सांगितलं की तिथे कॉफीचे मळे आहेत, शेती आहे, रोजगार आहे, आणि त्याच राखेने जमीन सुपीक केलेली आहे. धोका त्यांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. कुठल्या रात्री झोपायचं नाही हे त्यांचे म्हातारे आवाजावरून सांगतात. त्यांना सल्ला द्यायला मी जात नाहीये. त्यांच्या माहितीशेजारी माझी मोजमापं ठेवायला जातेय. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने माझ्या हातून यादी घेतली आणि कपड्यांपुढे खुणा करायला लागली.

सध्या शेवटचं जे काम हातात आहे ते आहे माहितीच्या वाटणीचा करार. छेदांची मूळ मोजमापं, फोटो आणि नकाशे यांची पूर्ण प्रत मी तिथून परत निघण्याआधी वेधशाळेत ठेवीन. सगळ्या नोंदी स्पॅनिशमध्ये असतील. नकाशे क्यूजीआयएससारख्या मोफत प्रणालीत उघडतील, म्हणजे कुणाला परवाना विकत घ्यावा लागणार नाही. माझ्या निबंधात निरीक्षकांची नावं सहलेखक म्हणून असतील. गावातल्या आपत्ती-समित्यांसाठी ए-थ्री आकाराचा वेगळा नकाशा करायचा आहे, ज्यावर समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) नसतील पण शाळा, पूल, चर्च, मळ्याचं गोदाम आणि वर चढायच्या पायवाटा असतील. त्या पायवाटा कुठल्या हे मला इथून ठरवता येणार नाही. पहिल्या आठवड्यात समितीबरोबर चालून त्या आखायच्या, आणि मगच टेप घेऊन नदीत उतरायचं, असं वेधशाळेशी पक्कं झालं आहे.